कव्हरेज ० टक्के दिसतंय? जॅकोकोच्या रिपोर्टला हात घालण्याआधीची तयारी

सगळ्या टेस्ट पास झालेल्या असतात, बिल्डही यशस्वी होतं आणि जॅकोकोचा, म्हणजे टेस्टमध्ये जावाचा किती कोड चालला (कव्हरेज) हे मोजणाऱ्या साधनाचा, रिपोर्ट उघडावा तर सगळीकडे लाल, म्हणजे न चाललेला कोड. अशा वेळी घाईघाईने नव्या टेस्ट लिहायला बसू नका. संपूर्ण प्रोजेक्टचं कव्हरेज एकदम शून्यावर आलं असेल, तर दोष बहुतेकदा टेस्टचा नसतो. टेस्ट चालताना जॅकोकोचा एजंट (चालणाऱ्या कोडची नोंद घेणारा भाग) जोडला गेला पाहिजे, त्याने नोंदींची फाइल लिहिली पाहिजे आणि रिपोर्ट बनवताना तेच क्लास वापरले गेले पाहिजेत. या तिन्हींतला एक दुवा तुटला की रिपोर्ट बिघडतो. खालची तयारी त्याच क्रमाने आहे.

सगळ्यात आधी जुनं आउटपुट काढून टाका. क्लीन करून टेस्ट नव्याने चालवा आणि त्या रनचा पूर्ण लॉग फाइलमध्ये साठवा. हे टाळू नका. जॅकोको जुन्या फाइलमध्येच नव्या नोंदी जोडत जातो, आणि ग्रेडल या बिल्ड टूलला काही बदललेलं दिसलं नाही तर तो टेस्ट पुन्हा चालवतच नाही. दोन दिवसांपूर्वीच्या नोंदी पाहून आजचा बिघाड शोधणं म्हणजे निव्वळ वेळेची नासाडी.

मग आवृत्त्या लिहून घ्या: जावाची, बिल्ड टूलची आणि जॅकोकोची. जावा १७ ला जॅकोकोचा अधिकृत आधार ०.८.८ पासून आहे, जावा २१ ला ०.८.११ पासून. लॉगमध्ये क्लास फाइलची आवृत्ती ६१ किंवा ६५ चालत नसल्याची तक्रार असेल, तर ते आकडे अनुक्रमे जावा १७ आणि २१ चे आहेत. जॅकोको अद्ययावत करा आणि मगच पुढे जा.

आता एजंट. मेव्हन हे दुसरं बिल्ड टूल वापरणाऱ्यांनी इथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा, कारण माझ्या पाहण्यातले निम्म्याहून अधिक घोळ इथलेच आहेत. प्रिपेअर-एजंट हे गोल (मेव्हनला सांगायचं एक काम) आर्गलाइन नावाच्या प्रॉपर्टीत एजंटचा पर्याय भरून ठेवतं, आणि शुअरफायर हा टेस्ट चालवणारा मेव्हनचा प्लगइन टेस्टसाठी नवा जेव्हीएम (जावाचा कोड चालवणारी प्रोसेस) सुरू करताना तो उचलतो. पण कुणीतरी मेमरी वाढवायला शुअरफायरच्या कॉन्फिगरेशनमध्ये आर्गलाइन थेट लिहिली, की एजंट गायब. एररही येत नाही, टेस्टही पास होतात. उपाय असा की मेमरीच्या पर्यायाआधी आर्गलाइनचा उल्लेख ठेवायचा, आणि तो डॉलर चिन्हाने न करता ॲट चिन्ह आणि महिरपी कंस वापरून करायचा. डॉलरवाली किंमत पीओएम (मेव्हनची प्रोजेक्ट फाइल) वाचतानाच ठरते, तेव्हा एजंटचा पर्याय भरलेलाच नसतो. ॲटवाली टेस्ट सुरू होताना ठरते. सोबत प्रॉपर्टीजमध्ये एक रिकामी आर्गलाइनही ठेवा, म्हणजे जॅकोको बंद करून बिल्ड केलं तरी जेव्हीएम कोसळणार नाही. शुअरफायरचा फोर्ककाउंट (किती नवे जेव्हीएम सुरू करायचे तो आकडा) ० आहे का तेही बघा. तसं असेल तर नवा जेव्हीएम सुरूच होत नाही आणि एजंटला जागाच उरत नाही.

ग्रेडलमध्ये प्लगइन एजंट आपणहून जोडतो. तिथली नेहमीची चूक वेगळीच: रिपोर्टचं टास्क टेस्टवर अवलंबून नसतं, ते आपल्याला सांगावं लागतं. आणि सीआयवरच्या (बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेवरच्या) साधनाला एक्सएमएल रिपोर्ट हवा असेल तर तो मुद्दाम चालू करा, कारण मुळात फक्त एचटीएमएल चालू असतो.

एजंट जोडला गेला, तर फाइल शोधा. मेव्हनमध्ये ती टार्गेटमध्ये जॅकोको.एक्झेक नावाने असते, ग्रेडलमध्ये बिल्डच्या आतल्या जॅकोको फोल्डरमध्ये टेस्ट.एक्झेक नावाने. जेव्हीएम बंद होताना ती लिहिली जाते. म्हणून प्रोसेस सक्तीने मारली गेली तर नोंदी हातच्या जातात.

फाइल आहे आणि तरीही ठरावीक क्लास लाल असतील, तर क्लास जुळत नसल्याचा इशारा लॉगमध्ये शोधा. जॅकोको प्रत्येक क्लासची ओळख त्याच्या बाइटकोडवरून (कंपाइल झालेल्या कोडवरून) काढतो. टेस्ट एका ठिकाणी आणि रिपोर्टसाठी दुसऱ्या ठिकाणी पुन्हा कंपाइल, असं झालं की ओळख बदलू शकते. सीआयवर हे दोन टप्पे वेगळे असतील तर कंपाइल केलेले क्लास एका टप्प्यातून दुसऱ्यात जसेच्या तसे न्या. टेस्टसाठी खोटे ऑब्जेक्ट बनवणारं पॉवरमॉकसारखं साधन क्लास स्वतःच्या लोडरने चढवतं, तिथेही एजंटचं काम वाया जातं.

अनेक मॉड्यूल असतील तर एका मॉड्यूलच्या टेस्ट दुसऱ्याचा कोड चालवतात का, ते आधीच टिपून ठेवा. मेव्हनमध्ये त्यासाठी एकत्रित रिपोर्टचं वेगळं गोल आहे. लॉम्बॉक या कोड आपोआप बनवणाऱ्या लायब्ररीच्या मेथड आकडा खाली खेचत असतील, तर त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये जनरेटेड ॲनोटेशन चालू करा, जॅकोको त्या आपोआप वगळतो.

आणि एक्सेप्शन फेकणारी मेथड बोलावणारी ओळ टेस्टमध्ये नक्की चालूनही लालच राहिली, तर कॉन्फिगरेशन उकरू नका. जॅकोको ओळीओळीवर नव्हे, तर कोडच्या वाटांवर खुणा ठेवतो. पुढची खूण येण्याआधीच एक्सेप्शनने वाट सोडली, तर ती ओळ चालल्याची नोंद होतच नाही.