ऑक्टोबर हीटमध्ये स्वतःकडे कसं बघावं

मुंबईतला शरद पानं गाळत येत नाही. पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो, पारा 33 अंशांच्या पुढे सरकतो आणि दमटपणा तसाच राहतो. अशा घामाघूम अवस्थेत चिंतनाला बसलं की नुसत्या तक्रारी सुचतात. तेव्हा आधी शरीर निववा.

पायरी 1 : अंग. पावसाळ्यात साठलेलं पित्त शरदात उसळतं, असं आयुर्वेद मानतो. म्हणून या दिवसांत दही, तेलकट आणि दुपारची झोप वर्ज्य. (नवरात्राच्या उपासाचे साबुदाणा वडे तेलकटातच मोडतात.) रात्री चमचाभर धणे ठेचून पेलाभर पाण्यात भिजवा, सकाळी गाळून खडीसाखर घालून प्या. आठवड्यातून एकदा 2 मोठे चमचे कोमट खोबरेल अंगाला चोळा, 15 मिनिटांनी मसुराच्या पिठाने काढा. घामोळं आलंय तिथे तेल नको, घामाची छिद्रं आणखी बुजतात. आणि मोरीत जाण्याआधी तळवे पुसा.

पायरी 2 : वेळ. सूर्यास्त सहा ते साडेसहाच्या दरम्यान. गच्ची, शिवाजी पार्कचा कट्टा, कुठेही चालेल. पहिली 10 मिनिटं नुसतं बसा, फोन पिशवीत.

पायरी 3 : वही. खरं काम इथे आहे. पाडव्यापासून अर्धं वर्ष सरलंय. 15 मिनिटांत तीनच प्रश्नांची उत्तरं लिहा. माझं नसलेलं कोणतं ओझं उचललं? कोणाशी बोलायचं राहून गेलं? झोप कशामुळे उडते?

हमखास बिघडतं ते असं, की तिसऱ्या ओळीला चकल्यांची भाजणी, बोनस आणि गावचं तिकीट आठवतं. त्यासाठी वहीचं शेवटचं पान राखा. तिथे टिपा आणि परत फिरा. दुसरी खोड म्हणजे स्वतःवर खटला भरणं. ‘मी आळशी आहे’ हा शेरा झाला. ‘मंगळवारी जेवणानंतर दोन तास रील्स बघितले’ ही नोंद. नोंदीवर काही करता येतं, शेऱ्यावर नुसतं कुढता येतं.

पायरी 4 : निवड. लिहिलेल्यातली एकच गोष्ट दिवाळीपर्यंत बदलायला घ्या. तीन घेतल्या तर फराळाच्या धांदलीत तिन्ही सुटतात.

दोन आठवडे सलग मन उदास असेल, भूक-झोप उडाली असेल, तर वहीवर भागवू नका. डॉक्टरांकडे जा, किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेला 14416 वर फोन करा. ती मोफत आहे आणि रात्रीही चालू असते.