क्लचचं ऑईल कमी होतंय? नुसतं ओतत राहू नका, या चुका टाळा

सोलापुरातून अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर अशा देवदर्शनाच्या भाड्यावर जुन्या सुमो आणि क्वालिस अजूनही चालतात. या गाड्यांचा क्लच केबलवर नाही, ऑईलच्या दाबावर चालतो, आणि हे ऑईल म्हणजे ब्रेकचंच ऑईल. पेडलच्या पुढे वरचा सिलिंडर म्हणजे मास्टर, गिअरबॉक्सच्या अंगाला खालचा म्हणजे स्लेव्ह, आणि दोन्हींना जोडणारा लोखंडी पाइप आणि रबरी होज. रचना साधी आहे आणि बिघाड बहुतेक वेळा रबराचा असतो. तरीही याच बिघाडापायी लोकांचे गिअरबॉक्स विनाकारण उतरतात, चांगल्या क्लच प्लेट फेकल्या जातात. दिवसाच्या भाड्यावर घर चालवणाऱ्या माणसाला हा खर्च परवडत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"थोडं उतरलंय, टाका अजून"

सगळ्यात मोठी चूक हीच. ब्रेकचे पॅड झिजतात तसं ब्रेकच्या टाकीतलं ऑईल हळूहळू खाली जातं, ते स्वाभाविक आहे. क्लचचा हिशोब वेगळा. प्लेट झिजते तशा तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या पाकळ्या रिलीज बेअरिंगकडे (पेडल दाबल्यावर या पाकळ्या ढकलणारं बेअरिंग) सरकतात आणि स्लेव्हचा पिस्टन आत ढकलला जातो. त्यामुळे आपोआप जुळवून घेणाऱ्या स्लेव्हमध्ये टाकीतली पातळी उलट किंचित वर येते. ज्या गाडीत स्लेव्हचा दांडा हाताने अॅडजस्ट करावा लागतो, तिथे ती होती तिथेच राहते. म्हणजे क्लचची पातळी उतरली की कुठेतरी गळतंय, यात शंका नाही. आठवड्याला बाटली ओतत राहिलात तर एक दिवस नवरात्रातल्या तुळजापूरच्या गर्दीत, हाफ क्लचवर गाडी सरकत असताना, पेडल तळाला जाऊन बसेल.

काही गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांची टाकी एकच असते. तिथे क्लचची गळती म्हणजे ब्रेकच्या ऑईललाही धोका. अशी गाडी दुरुस्त झाल्याशिवाय रस्त्यावर काढू नका.

गळती न शोधता पार्ट बदलणं

गाडीखाली ओल दिसली की गॅरेजमध्ये पहिला अंदाज निघतो, "ऑईल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." थांबा. बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या क्लचच्या घराच्या, खाली ठिबकणारं ऑईल तीन ठिकाणचं असू शकतं: इंजिनाच्या मागच्या सीलचं, गिअरबॉक्सचं किंवा क्लचचं. ते थोडं कागदावर घ्या आणि वाटीभर पाण्यात सोडा. तरंगलं तर इंजिनाचं किंवा गिअरचं. गिअर ऑईलला गंधकासारखा उग्र वास येतो, इंजिन ऑईल बहुधा काळं असतं. पाण्यात विरघळून गेलं तर ते ब्रेक ऑईल, म्हणजे गळती क्लचच्या लाइनची. दोन मिनिटांची ही परीक्षा गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी वाचवते.

मग सगळी लाइन फडक्याने कोरडी पुसा, गाडीखाली जुनं वर्तमानपत्र पसरा, पेडल वीसएक वेळा दाबा आणि रात्रभर गाडी उभी ठेवा. सकाळी आधी केबिनमध्ये बघा. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचला आणि पेडलचा दांडा जिथे मास्टरमध्ये शिरतो तिथे बोट फिरवा. मास्टरचं मागचं सील गेलं की ऑईल टपकत नाही, फायरवॉलवरून (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) आतल्या बाजूने ओघळतं आणि मॅटखाली मुरतं. म्हणून खाली जमीन कोरडी दिसते आणि माणूस फसतो. त्यानंतर स्लेव्हचं रबरी बूट एका कडेने उचलून बघा. आत ओल असेल तर सिलिंडरचं सील गेलं. होजला बाहेरून भेगा आहेत का आणि पाइपच्या नटांभोवती धुळीचा चिकट थर आहे का, तेही तपासा. आपल्याकडची काळी धूळ इथे मदतच करते. सगळी गाडी धुळीने माखलेली असेल, पण गळतीच्या जागी ती ओली चिकट दिसते.

बाहेर गळती नाही म्हणजे क्लच प्लेट गेली, असं समजणं

टाकी भरलेली, जमीन कोरडी, तरी पहिला आणि रिव्हर्स गिअर कुरकुरत पडतो. अशा वेळी मास्टर आतल्या आत गळत असू शकतो. सीलच्या कडेवरून ऑईल परत टाकीकडे सरकतं, दाब टिकत नाही. मोकळ्या सपाट जागी, समोर माणूस नसताना, गाडी चालू करून पहिला गिअर टाका आणि पेडल पूर्ण दाबून धरा. दुसरा पाय ब्रेकजवळ तयार ठेवा. काही सेकंदांनी पेडल न सोडताही गाडी पुढे सरकायला लागली, तर संशय आधी मास्टरवर घ्या.

जुन्या होजचाही एक चकवा आहे. बाहेरून धड दिसणारी होज आतून फुगते किंवा तिचा आतला पापुद्रा सुटतो. फुगली तर पेडल स्पंजसारखं लागतं. पापुद्रा झडपेसारखा अडला तर ऑईल परत येत नाही आणि क्लच स्लिप मारतो. मग प्लेट बदलूनही तक्रार जात नाही. माझं स्पष्ट मत असं की १५ वर्षं जुन्या गाडीत सिलिंडर उघडलाच आहे तर होजही बदलावी.

डिझेलमध्ये धुणं

हे मला मनापासून सांगायचं आहे, कारण इथे चांगले हात असलेले मिस्त्रीही चुकतात. सिलिंडर उघडला की तो सवयीने डिझेलच्या किंवा रॉकेलच्या डब्यात जातो. इंजिनाचे पार्ट तसे धुतले तर चालतं, क्लच आणि ब्रेकचे नाही. या सिलिंडरांतलं रबर ग्लायकोलच्या ऑईलसाठी बनवलेलं असतं. डिझेल, पेट्रोल, रॉकेल, ग्रीस, इंजिन ऑईल, पॉवर स्टिअरिंग ऑईल, यातलं काहीही लागलं की ते फुगतं आणि मऊ पडतं. नवं किट (सिलिंडरच्या सील-रबरांचा संच) टाकूनही महिन्याभरात पुन्हा गळायला लागलं तर किटला नावं ठेवण्याआधी हे विचारा. धुवायला ताजं ब्रेक ऑईल किंवा स्पिरिट वापरा, आणि सील बसवतानाही ब्रेक ऑईलच लावा.

चुकून इंजिन ऑईल किंवा दुसरं काही टाकीत पडलं असेल तर नुसतं काढून भागत नाही. पूर्ण लाइन धुवावी लागते आणि सगळी रबरं, होजसकट, बदलावी लागतात.

ऑईल कोणत्या प्रतीचं ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, बहुतेक डॉट ३ किंवा डॉट ४. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका. अर्धी वापरून महिनोन्‌महिने शेल्फवर पडलेली बाटलीही घेऊ नका. हे ऑईल हवेतली वाफ ओढून घेतं. त्याने आतून गंज चढतो आणि उकळण्याचा बिंदू खाली येतो. डॉट ३ नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत टिकायला हवं, ओल शोषल्यावर हीच हद्द १४० वर येते. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, इंजिनाखाली तर काय भट्टीच असते. तिथे जुन्या ऑईलवर भरवसा ठेवू नका.

किट की सिलिंडर?

सिलिंडरच्या आत उजेड पाडा आणि नख फिरवा. भिंत गुळगुळीत असेल तर नुसतं किट पुरे. नखाला खड्डे लागले तर किट टाकणं म्हणजे मजुरी पाण्यात घालणं. एमरी पेपरने घासून खड्डा जात नाही, बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, मोठा होतो. तिथे नवा सिलिंडरच घ्या. किट बसवताना सीलची ओठासारखी कड दाबाच्या बाजूला, म्हणजे ऑईलकडे, हवी.

स्लेव्ह खाली सोडलेला असताना कुणाला पेडल दाबू देऊ नका, पिस्टन बाहेर उडतो. नंतरच्या काही गाड्यांत स्लेव्ह बेल हाउसिंगच्या आत, बेअरिंगसोबत असतो. तिथे मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. मग प्लेट आणि बेअरिंग झिजलेली असतील तर त्याच वेळी बदलून घ्या.

हवा काढताना

सिलिंडर उघडला की लाइनमध्ये हवा शिरते, ती काढावी लागते. काम चांगलं होऊनही पेडल मऊ राहतं ते इथल्या घाईने. स्लेव्हवरचं हवा काढायचं निपल आदल्या रात्री गंज सोडवणाऱ्या स्प्रेने भिजवा आणि रिंग पान्यानेच खोला. फिक्स पाना निसटला की निपलची धार जाते. पारदर्शक नळी निपलला लावा, दुसरं टोक थोडं ऑईल असलेल्या बाटलीत बुडवा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचं, बंद झाल्यावरच पेडल सोडायचं. मधे टाकी कोरडी पडली की सगळं पहिल्यापासून.

मास्टर जुनाच ठेवला असेल तर पेडल धडाधड तळापर्यंत मारू नका. सील रोज जिथे जात नाही तिथला गंज त्याला फाडतो. त्यापेक्षा निपल सैल करून ऑईल आपोआप ठिबकू द्या, वरून भर घालत रहा. निपल सिलिंडरच्या वरच्या बाजूला आहे ना, हेही बघा. उलटा बसवलेल्या सिलिंडरातली हवा निघत नाही.

ऑईल बॉडीवर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, रंग उतरतो.

शेवटी पेडलला किंचित मोकळी हालचाल आहे का तपासा. दांडा पिस्टनला टेकून राहिला तर टाकीकडे परतणारं भोक बंद राहतं, लाइनमध्ये दाब अडकतो आणि नवी प्लेटसुद्धा जळते. टाकीवर पातळीची खूण करून गाडी दोन दिवस शहरातच चालवा, खूण हलली नाही तरच लांबचं भाडं घ्या.