मूस जॉच्या केअर होममध्ये आठवणी लिहिताना: नव्याने येणाऱ्यांसाठी

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात शिकायला येणाऱ्या मराठी मुलामुलींचे मेसेज येतात, त्यात एक प्रश्न ठरलेला असतो: केअर होममध्ये काम मिळेल का, आणि ते झेपेल का? मिळतं. झेपण्याबद्दल, म्हणजे उचलाउचल, अंघोळी, रात्रपाळ्या यांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहिते आहे ते या कामातल्या एका कोपऱ्याबद्दल, ज्याची वेगळी जाहिरात कधी निघत नाही. तिथे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडून त्यांचं आयुष्य ऐकायचं आणि दोन-तीन पानांत लिहून ठेवायचं. ही पानं खोलीत राहतात. नवीन आलेली सीसीए (कंटिन्युइंग केअर असिस्टंट, म्हणजे रोजची देखभाल करणारी मदतनीस) ती वाचते आणि तिला कळतं, की हे आजोबा पहाटे चारला उठून बसतात कारण त्यांनी चाळीस वर्षं गाई पिळल्या, त्यांना झोपेची गोळी नको आहे.

मूस जॉ हे सुमारे ३३ हजार वस्तीचं शहर, रेजायनाच्या पश्चिमेला सत्तरेक किलोमीटरवर. १८८२ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे इथे पोचली, इंजिनं आणि त्यांवरची माणसं बदलायचं ठाणं झालं, १९०३ मध्ये शहराचा दर्जा मिळाला. जमीन त्याआधी कुणाची होती हेही माहीत असू द्या: हा १८७४ च्या ट्रीटी ४ चा, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी जमाती आणि सरकार यांच्यातल्या कराराचा प्रदेश. हायवेजवळचा मॅक नावाचा मूसचा (सांबरासारख्या प्राण्याचा) अवाढव्य पुतळा आणि गावाखालचे बोगदे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी दाखवेल. बोगद्यांबरोबर अल कपोन या शिकागोच्या गुंडाची गोष्टही येईल. तो इथे आल्याचा पुरावा नाही, पण तिकिटं खपतात. रेसिडेंटशी, म्हणजे होममध्ये राहणाऱ्यांशी, गप्पांची सुरुवात तिथून करू नका. बहुतेकांनी ते बोगदे पाहुणे आले तेव्हाच पाहिलेले असतात.

इथलं टाइम्स-हेरल्ड हे सव्वाशे वर्षांहून जुनं दैनिक डिसेंबर २०१७ मध्ये बंद पडलं. लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, कर्लिंगची स्पर्धा, कुणाची शेती विकली, कोण गेलं, हे सगळं रोजच्या रोज छापून येण्याची सोय त्याबरोबर गेली. आठवणी लिहिण्याच्या कामाला अशा छोट्या शहरात जास्त वजन आहे ते त्यामुळे.

आता मुद्द्याचं. नवखा माणूस या कामाला वाईट नसतो, उलट चांगला असतो. घरच्यांनी आजीच्या गोष्टी शंभरदा ऐकलेल्या असतात. ती तोंड उघडते तोच मुलगा वाक्य पूर्ण करतो. आपल्याला मात्र तिला सगळं समजावून सांगावं लागतं, आणि समजावताना ती अशा गोष्टी बोलते ज्या घरात कधी बोलायची वेळच आली नव्हती. पण हा फायदा आपल्याला जुजबी तरी माहिती असेल तरच मिळतो. काहीच माहीत नसेल तर समोरचा माणूस काय सांगून गेला हेच कळत नाही, आपण "ओह, नाइस" म्हणतो आणि तो गप्प होतो. म्हणून आधी गावाची माहिती, मग माणूस.

साधा हिशेब करा. आज नव्वदीचा माणूस १९३० च्या दशकाच्या मधल्या वर्षांत जन्मला. प्रेअरीचा, म्हणजे इथल्या सपाट गवताळ प्रदेशाचा, इतिहास म्हटलं की सगळे धुळीची वादळं, दुष्काळ, मंदी यांबद्दल विचारतात. ती आठवण त्याच्या आईबापांची. त्याच्या स्वतःच्या आठवणी नंतरच्या. लहानपणी डोक्यावर घरघरणारी पिवळी हार्वर्ड विमानं, कारण दुसऱ्या महायुद्धात मूस जॉला वैमानिकांचं प्रशिक्षण केंद्र होतं. १९४७ चं दहा दिवसांचं ब्लिझर्ड, ज्यात आगगाड्या बर्फात गाडल्या गेल्या आणि एका शेतकऱ्याला गाईंना चारा घालायला गोठ्याच्या छपराला भोक पाडून आत उतरावं लागलं. शेतावर वीज, जी १९४९ च्या कायद्यानंतर पन्नाशीच्या दशकात पोचली. शेतावरच्या बायका अजून "पॉवरच्या आधी" आणि "पॉवर आल्यावर" असा काळ मोजतात. इस्तरी विस्तवावर तापवायची होती की प्लगला लावायची, यावर त्यांचं वर्ष पक्कं होतं.

आणि ८ एप्रिल १९५४. त्या दिवशी सकाळी मूस जॉवर एक प्रवासी विमान आणि हवाई दलाचं हार्वर्ड एकमेकांवर आदळली. ३७ माणसं गेली, त्यातली एक खाली घरात काम करणारी बाई. त्या वेळी गावात असलेल्या प्रत्येकाला आपण नेमके कुठे होतो ते आठवतं. हे विचारून पाहा, पण माणसाच्या खोलीत पहिल्यांदा बसल्या बसल्या नव्हे.

तारखांपेक्षा जागा विचारल्या की जास्त हाती लागतं. इथली जमीन चौकोनांत आखलेली आहे. एक मैल बाय एक मैल म्हणजे सेक्शन, ६४० एकर. असे ३६ सेक्शन म्हणजे टाउनशिप. सेक्शनचा चतकोर म्हणजे क्वार्टर, १६० एकर. १८७२ च्या कायद्याने होमस्टेड (वस्ती करण्यासाठी सरकारने दिलेली जमीन) म्हणून मिळायचा तो हाच, दहा डॉलर नोंदणी भरून, पुढे घर बांधायचं आणि जमीन फोडायची या अटीवर. जुन्या शेतकऱ्याला नातवाचं नाव आठवत नसलं तरी आपल्या क्वार्टरचा आकडा, सेक्शन-टाउनशिप-रेंज, सातबाऱ्यावरच्या गट नंबरासारखा धडाधड म्हणता येतो. मी कोरा कागद घेते, चौकोन काढते आणि पेन त्यांच्या हातात देते. घर कुठे, विहीर कुठे, शाळा किती मैलांवर, त्या वाटेवर कुणाकुणाची घरं. एका आजींनी असा कागद भरताना एका चौकोनावर पेन थांबवलं आणि म्हणाल्या, इथे आमचा धाकटा भाऊ आहे. तो पोलिओच्या साथीत गेला होता. तुम्हाला किती भावंडं, या प्रश्नाला त्यांनी आधी "चार" असंच उत्तर दिलं होतं, आणि ते चूक नव्हतं.

कामाबद्दल विचारतानाही हीच युक्ती. "तुमची नोकरी कशी होती?" याला उत्तर येतं "बरी होती". त्याऐवजी, ट्रक आला की तुम्ही आधी काय करायचात? एक आजोबा ग्रेन एलिव्हेटरचे एजंट होते. या लाकडी, उंच गोदामांची संख्या प्रांतात एके काळी तीन हजारांवर होती. आता शोधून पाहावी लागतात. हा प्रश्न विचारल्यावर ते खुर्चीत पुढे सरकले. आधी भरलेल्या ट्रकचं वजन. मग धान्य खालच्या जाळीत ओतायचं, ओतताना मध्येच थाळीत नमुना घ्यायचा. रंग बघायचा, दाणा सुरकुतलाय का, हिम लागलंय का, तणाचं बी किती. मग रिकाम्या ट्रकचं वजन आणि हातात पावती. बोलता बोलता त्यांनी रिकामा तळहात तोंडाशी नेला आणि चावायला लागले. चांगला गहू चावत राहिलं की त्याचा च्युइंगमसारखा चिवट गोळा होतो. तो कसा होतो यावरून त्यांना दाण्याचा दर्जा कळायचा. आणि मग, आवाज खाली करून: शेजाऱ्याचा गहू एक ग्रेड खाली टाकायची वेळ आली की रविवारी चर्चमध्ये कुठे बसायचं हा प्रश्न असायचा. हे वाक्य मी होतं तसंच लिहून ठेवलं. त्यांच्या मुलीने ते पहिल्यांदाच वाचलं.

तिशीच्या दुष्काळाचं काय करायचं? विचारायचंच नाही असं नाही, "आई काय सांगायची?" असं विचारायचं. गव्हाचा भाव १९२९ मध्ये बुशेलला (हे इथलं धान्याचं माप) दीड डॉलरच्या आसपास होता, तो १९३२ च्या अखेरीस चाळीस सेंटच्याही खाली गेला आणि त्यातच पाऊस गेला. पेट्रोलला पैसे नाहीत म्हणून मोटारीचं इंजिन काढून तिला घोडे जुंपले; त्या वेळचे पंतप्रधान बेनेट, म्हणून ती बेनेट बग्गी. पूर्वेकडून मदतीचे रेल्वेचे डबे भरून आले, सफरचंदं आली आणि खारवलेला कॉड मासा आला. समुद्र कधी न पाहिलेल्या बायकांना तो भिजवून खारेपणा काढायचा असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याने छपराची भोकं बुजवली, बुटाला तळ लावले, असे विनोद अजून चालतात.

मी बीडची. माझ्या आजीने ७२ च्या दुष्काळात खडी फोडली आणि मजुरीबरोबर मिळालेली सुकडी, रेशनवरची अमेरिकेची लाल मिलो ज्वारी यांच्या गोष्टी आम्हाला ऐकवल्या. तीही मिलोला अशीच नावं ठेवायची. हे मी केअर होममध्ये एका टेबलावर सांगितलं तेव्हा पलीकडच्या आजींनी काटा खाली ठेवून विचारलं, "मग तुमच्याकडे पाऊस कधी आला?" त्यानंतर त्या मला नावाने हाक मारायला लागल्या. तुमच्याही घरात असं काही असेल तर आणा, कोरडवाहू शेती इथे सगळ्यांना कळते. फक्त आपली गोष्ट एका मिनिटाची ठेवा.

काही विषयांत सांभाळून. १ जुलै १९६२ ला सस्कॅचेवानने सरकारी आरोग्य विमा सुरू केला, ज्यातून पुढे सगळ्या कॅनडाचा उभा राहिला, आणि त्याच दिवशी डॉक्टर संपावर गेले. संप २३ दिवस चालला. आपल्याला वाटतं आता सगळे टॉमी डग्लसचं, म्हणजे ही योजना आणणाऱ्या प्रांताच्या माजी प्रीमियरचं (मुख्यमंत्र्याचं), कौतुकच करणार. पण त्या जुलैमध्ये भाऊ भावाशी बोलत नव्हता, आणि डायनिंग हॉलमध्ये एकाच टेबलावर दोन्ही बाजूंची माणसं बसलेली असतात. हा प्रश्न खोलीत विचारा. गावातल्या चिनी कॅफेच्या आठवणी सगळ्यांना गोड असतात. त्या कॅफेवाल्याच्या बायकोला १९२३ ते १९४७ च्या कायद्यामुळे देशात येताच येत नव्हतं, हे आपल्याला माहीत असावं, ऐकवायची गरज नाही. आणि फर्स्ट नेशन्सच्या किंवा मेटी, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी समाजातल्या, माणसाला रेसिडेन्शियल स्कूलबद्दल (या समाजांच्या मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या निवासी शाळांबद्दल) आपण होऊन कधीही विचारू नका. प्रांतातली शेवटची शाळा १९९६ मध्ये बंद झाली, म्हणजे हा जुना इतिहास नव्हे. ते स्वतः बोलले तर पेन खाली ठेवून ऐका, आणि लिहायचं का, कुणासाठी, हे त्यांनाच ठरवू द्या.

परवानगीचं थोडक्यात. काम असो वा स्वयंसेवा, पोलिसांकडून व्हल्नरेबल सेक्टर चेक (वृद्ध, मुलं अशांसोबत काम करणाऱ्यांची गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी) लागतोच. तो कॉलेज सुरू होताच काढा. लिहिण्याआधी रेसिडेंटला विचारा, रिक्रिएशनच्या (रेसिडेंटच्या करमणुकीच्या विभागाच्या) मुख्य बाईंना विचारा, आणि माणूस स्वतःचे निर्णय घेत नसेल तर ज्यांच्याकडे तो अधिकार आहे त्या नातेवाइकांना. वैद्यकीय चार्टमधली एकही गोष्ट या पानांत येता कामा नये, आजाराचं नावसुद्धा नाही. फोनवर रेकॉर्डिंग करू नका. मी वहीत लिहिते; वही बघून माणसं सावकाश बोलतात, तेही बरंच.

वेळ सकाळची, नाश्त्यानंतरची. डिमेन्शिया असलेल्यांना संध्याकाळी अस्वस्थ व्हायला होतं, आणि जेवण तर पाचलाच लागतं. बसण्याआधी हिअरिंग एडची बॅटरी बघा. निम्मी "आठवत नाही" तिथेच संपतात. डिमेन्शियात गोष्ट दर वेळी वेगळी निघाली तर दुरुस्त करायला जाऊ नका, दोन्ही लिहा. हाक कशी मारायची ते विचारून घ्या. ब्याण्णव वर्षांच्या बाईला नुसत्या पहिल्या नावाने हाक मारताना आपली जीभ अडखळते, पण बहुतेकींना तेच हवं असतं.

लिहिताना त्यांचे मैल, एकर, बुशेल आणि फॅरनहाइट तसेच राहू द्या. "पंचेचाळीस बुशेल निघाले" याचं किलोत रूपांतर केलंत तर वाचून दाखवताना ते तुमच्याकडे संशयाने बघतील. (उणे चाळीसला अडचण नाही, तिथे दोन्ही मापं एकच.) वाक्यं गोड करू नका. "कष्टाळू, प्रेमळ, कुटुंबवत्सल" हे तर गावातल्या प्रत्येक मृत्युलेखात असतंच. पूर्ण झालं की मोठ्या टायपात छापा, वाचून दाखवा, आणि ते म्हणतील ते काढा. एका आजींनी पहिल्या नवऱ्याचा अख्खा परिच्छेद काढायला लावला आणि त्याच्या घोड्याचा ठेवला. ठेवला.

माणूस गेल्यावर घरचे मृत्युलेख लिहायला बसतात, बहुतेकदा घाईत, कुणी व्हँकूवरहून तर कुणी टोरांटोहून आलेलं. तेव्हा ही पानं मागितली जातात. प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात सँडविच आणि गोड वड्यांचं जेवण असतं. तुम्हाला सुट्टी असेल तर जा, परक्यासारखं कुणी वागवत नाही. दफन मात्र कधी कधी जमीन वितळल्यावर, उन्हाळ्यात ठेवतात.

याचे वेगळे पैसे मिळतात का? सहसा नाही. मी सीसीए म्हणून शिफ्ट करत होते आणि हे सुट्टीच्या सकाळी करायचे. पुढे रिक्रिएशनमध्ये अर्धवेळ जागा निघाली तेव्हा मुलाखतीत नमुना म्हणून परवानगी घेतलेली दोन पानं दाखवली. पगार सीसीएपेक्षा जास्त नाही, पाठ मात्र वाचते. तुम्हाला सुरुवात करायची तर आल्या आल्या क्रेसेंट पार्कमधल्या सार्वजनिक लायब्ररीचं कार्ड काढा. तिथे जुने अभिलेख आहेत. शिवाय १९८० मध्ये प्रांताला ७५ वर्षं झाली तेव्हा गावोगावच्या लोकांनी आपापल्या परिसराचे जाडजूड इतिहासग्रंथ काढले, घराण्यांसकट; तेही मागून बघा. तुमच्या रेसिडेंटची शाळा कुठली हे कळलं की त्या भागाचं पुस्तक शोधा. त्यात बहुतेकदा वर्गाचा एक फोटो असतो. त्याची झेरॉक्स घेऊन जा आणि मागच्या रांगेत कोण उभं आहे ते विचारा.