दोघांची कनू आणि एक निवांत दिवस: निघण्याआधीची तयारी

कनू म्हणजे वल्ह्यांनी चालवायची अरुंद, उघडी होडी. तिच्यातून दोघांनी दिवसभर फिरायला जाण्याच्या तयारीची ही यादी, आणि तिच्यात सर्वांत वर कुठलीही वस्तू नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी दोघांनी निवांत बसून एकमेकांना विचारायचं, उद्या आपल्याला नेमकं काय हवंय? बऱ्याचदा एकाला मनापासून वल्हवायचं असतं, लांबचं टोक गाठायचं असतं, आणि दुसऱ्याला काठाच्या सावलीत होडी लावून नुसतं पडून राहायचं असतं. दोन्ही इच्छा चांगल्याच, पण त्या पाण्यात उतरल्यावर कळल्या तर दिवसभर कुरबुर चालते. कनूत एकजण पुढे तोंड करून बसलेला, दुसऱ्याला दिसते फक्त त्याची पाठ, आणि चिडून उठून जायलाही जागा नसते. म्हणून निघायचं कधी, थांबायचं किती हे आधीच बोलून घ्या. त्यातच एक अट पक्की करा: दोघांपैकी कुणीही 'परत फिरूया' म्हटलं, की कारण न विचारता फिरायचं. मला तर ही अट लाइफ जॅकेटइतकीच महत्त्वाची वाटते. भीती वाटली तर आपलं ऐकलं जाईल, ही खात्री असलेला माणूसच पाण्यावर सैलावतो.

मग जागा आणि अंतर. निवांत वल्हवलं तर दोघांची कनू तासाला साधारण ४ ते ५ किलोमीटर जाते. थांबणं, खाणं, फोटो, पक्ष्यांकडे बघत राहणं धरलं तर ३ सुद्धा पुष्कळ. त्यामुळे अख्ख्या दिवसाला ८ किलोमीटर भरपूर झाले. पहिलीच वेळ असेल तर त्याच्या निम्मे धरा. नदी की तलाव, असा प्रश्न असेल तर पहिल्या खेपेला माझं मत तलावाच्या बाजूने. जिथून निघालो तिथेच परत येता येतं. नदीत प्रवाहाबरोबर खाली गेलं की परतण्यासाठी गाडीची सोय आधीच लावावी लागते, शिवाय दोन धोके ओळखता यायला हवेत. एक म्हणजे पाण्यात आडवं पडलेलं झाड: फांद्यांमधून पाणी निघून जातं, माणूस आणि होडी अडकतात. दुसरा म्हणजे बुटका बंधारा. वरच्या बाजूने येताना तो दिसतच नाही, पाण्यावर फक्त एक सरळ आडवी रेघ दिसते. आणि त्याखाली पाणी जागच्या जागी उलटं फिरत राहून माणसाला खेचून धरतं. वाटेत असं काही आहे का हे नकाशावर बघा, स्थानिक लोकांना विचारा, आणि असेल तर बरंच आधी काठाला लागून होडी उचलून पुढे न्यायची. तलावातसुद्धा मधून आडवं जाण्याचा मोह टाळा. काठाकाठाने गेलं की वाराही कमी लागतो आणि बघायला जास्त मिळतं.

हवामानात लोक पाऊस बघतात, पण कनूचा खरा वैरी वारा. सकाळी पाणी बहुतेक शांत असतं आणि दुपारी वारा वाढतो, म्हणून लवकर निघा. जाताना वारा तोंडावर असेल अशी दिशा धरा, म्हणजे दमलेले असताना परतीला तो पाठीशी राहील. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागला, तर नवख्या जोडीने काठ गाठावा. ढगांचा गडगडाट कानावर आला की वीज पोचण्याइतकी जवळ आहे असं समजून लगेच पाण्याबाहेर यायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत उतरायचं नाही.

हवेबरोबर पाण्याचं तापमानही विचारून घ्या. वर छान ऊन असतं आणि खाली पाणी थंडगार, हे थंड प्रदेशात वसंतात हमखास होतं. १५ अंश सेल्सियसच्या खालचं पाणी गंभीरपणे घ्यावं. थंडीचा शरीरावर होणारा परिणाम अभ्यासणारे कॅनडातले शास्त्रज्ञ गॉर्डन गीसब्रेख्त यांनी थंड पाण्यात पडलेल्यांसाठी १-१०-१ असा हिशेब मांडला आहे: श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातपाय नीट चालतात ती साधारण १० मिनिटं, आणि अंगातली ऊब जाऊन शुद्ध हरपायला सुमारे १ तास. म्हणजे पोहता येणाऱ्यालाही लाइफ जॅकेट लागतंच, आणि ते अंगात लागतं, बाकाखाली नाही.

जॅकेट घालून सगळे पट्टे आवळा आणि एकमेकांचं जॅकेट खांद्यांपाशी धरून वर ओढून बघा. ते हनुवटीच्या वर सरकलं तर सैल आहे. पुन्हा आवळा, तरीही सरकलं तर लहान मापाचं घ्या. प्रत्येकाच्या जॅकेटला एक शिट्टी बांधलेली हवी. तीन वेळा शिट्टी म्हणजे मदत हवी.

बाकी सामान थोडंच. दोन वल्ही आणि एक जास्तीचं, कारण वल्हं हातातून सुटून वाहत जाऊ शकतं. होडीतलं पाणी उपसायला एखादं डबडं आणि मोठा स्पंज. दोन्ही टोकांना दोर, पण मोकळा लोंबणारा नको, नीट गुंडाळून ठेवलेला. जलरोधक पिशवीत कोरडे कपडे, टॉवेल, प्रथमोपचाराचं साहित्य आणि फोन. पिशवीचं तोंड किमान तीनदा घट्ट गुंडाळून बंद करा, नाहीतर ती पिशवी असून नसून सारखी. प्यायचं पाणी वाटतं त्यापेक्षा जास्त घ्या. खाणं असं, की जे ओल्या हातानेही खाता येईल. पाण्यावरून ऊन परावर्तित होऊन हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही लागतं, तेव्हा सनस्क्रीन तिथेही लावा आणि दर २ तासांनी परत लावा. चष्म्याला दोरी. गार हवेत सुती कपडे नकोत, भिजले की अंग गारठवतात. लोकरीचे किंवा लवकर वाळणारे बरे. पायांत भिजले तरी चालतील असे, पण टाचेला घट्ट बसणारे बूट.

आता कोण कुठे बसणार. मागे बसणारा दिशा सांभाळतो, पुढचा लय ठरवतो आणि पाण्याखालच्या दगडांवर नजर ठेवतो. साधारणपणे जड माणूस मागे, पण सुकाणू ज्याला जमतं त्याने मागे बसावं आणि वजनाचा तोल सामानाने साधावा. दोघांनी विरुद्ध बाजूंना वल्हवायचं. हात दमले की बाजू बदलायची, आणि त्यासाठी एक शब्द ठरवा, नुसतं 'बदल' पुरे. मागच्याला एक फटकारा शिकून घ्यावा लागतो. तो उजवीकडून वल्हवत असला की कनू हळूहळू डावीकडे वळत जाते. म्हणून वल्हं कमरेपाशी आलं की वरच्या हाताचा अंगठा खाली वळवायचा आणि पातं होडीपासून किंचित बाहेर ढकलायचं. ढकलणं अगदी हलकं, मनगटापुरतं. हे काठाजवळ अर्धा तास करून बघा. होडीचं नाक वाकडंतिकडं जाईल, तरी पुढच्याने मागे वळून सूचना देऊ नयेत. तेवढ्या अर्ध्या तासाचा धीर पुढच्या सगळ्या दिवसाला पुरतो.

होडीत चढताना ती पाण्यावर तरंगती हवी, अर्धी वाळूवर टेकलेली नको. एकाने धरून ठेवायची. दुसऱ्याने खाली वाकून, दोन्ही कडांवर हात ठेवून, मधोमध पाऊल टाकायचं. हातांखाली ती डुगडुगताना जाणवेल, पण वजन मध्यावर आलं की लगेच स्थिरावते. लाटा आल्या तर बाकावरून खाली गुडघ्यांवर या. कनू दगडाला आडवी लागली तर घाबरून दगडापासून लांब झुकाल आणि उलटाल, झुकायचं दगडाकडेच.

उलटलीच तर काय, हेही आधी बोलून ठेवा. आधी एकमेकांना हाक, मग होडी. उलटी कनूही तरंगते, तिला धरून राहा. वाहत्या पाण्यात तिच्या वरच्या अंगाला राहा, खालच्या अंगाला गेलात तर ती आणि दगड यांत चिरडाल. प्रवाहात उभं राहायचा प्रयत्न करू नका, पाऊल दगडांत अडकतं. पाठीवर व्हा, पाय वर आणि पुढे. उबदार दिवशी काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, एकदा मुद्दाम उलटून बघितलंत तर मनातली निम्मी भीती तिथेच जाते.

काठावरच्या एका माणसाला सांगून ठेवा: कुठून उतरणार, कोणत्या वाटेने, किती वाजता परत, आणि त्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं. मग आपला फोन पिशवीत बंद करायला हरकत नाही. पाणपक्षी दिसले की वल्हवणं थांबवा आणि कनू नुसती वाहू द्या. पक्ष्याने मान ताठ करून तुमच्याकडे बघायला सुरुवात केली, की तेवढं अंतर पुरे, पुढे जाऊ नका. घरट्याच्या काठाला तर लागूच नका.

परत आल्यावर त्या माणसाला आधी कळवा. कनूतलं पाणी तिथेच ओतून टाका, तळाला आणि दोरांना चिकटलेलं शेवाळ, वनस्पतींचे तुकडे काढा, आणि दुसऱ्या तलावात नेण्याआधी सगळं पूर्ण वाळू द्या. परके शिंपले आणि पाणवनस्पती असेच एका पाण्यातून दुसऱ्यात जातात. जॅकेटं सावलीत टांगा. आणि यादीचा कागद जपून ठेवा, काय उरलं नि काय कमी पडलं ते त्याच संध्याकाळी त्यावर दोघांनी मिळून लिहा.