पोळ्याचे मातीचे बैल: मुलांना बसवण्याआधीची तयारी

आधी पुठ्ठा गोळा करा, माती नंतर. गेल्या पोळ्याला माझ्याकडे माती होती, कापूस होता, रंग होते, गल्लीतली नऊ मुलं होती, फक्त पुठ्ठा नव्हता. ओटा सकाळीच धुऊन पुसून लख्ख केला होता, म्हणून मुलांना तिथेच फरशीवर बसवलं. अठरा बैल झाले. चार दिवस कोणाला हात लावू दिला नाही. अमावस्येच्या सकाळी समोरच्या घरातल्या सहा वर्षांच्या पोराने आपला बैल पाठीला धरून उचलला. धड त्याच्या हातात आलं आणि चारही पाय फरशीवर तसेच उभे राहिले. "मावशी, मना बैल उठस नही," एवढंच म्हणाला तो. रडलासुद्धा नाही. अठरापैकी अकरा बैल तसेच गेले. ते पोरगं पाठीमागे हात बांधून उरलेल्या सात बैलांकडे बघत उभं राहिलेलं अजून डोळ्यांसमोर येतं, म्हणून यंदा सगळं आधी लिहून काढलं.

तर किराणा दुकानातून खोकी आणा. जाड, दोन पदरी पुठ्ठा हवा. साडीच्या खोक्याचा पातळ नको, तो ओला झाला की वाकतो आणि त्याच्याबरोबर बैलही वाकतो. एका बैलाला एक वीत लांब आणि तेवढाच रुंद तुकडा पुरे. मुलं जितकी, त्याच्या दुप्पट तुकडे, कारण बैल जोडीने करायचे. वर चार-पाच जास्तीचे. प्रत्येकावर मुलाचं नाव आधीच पेनाने लिहून ठेवा. वाळलेले बैल सगळे सारखेच दिसतात आणि 'हा माझा' म्हणून भांडणं होतात.

मग तारीख. पोळा श्रावणातल्या अमावस्येला, पिठोरीला. पण ती इंग्रजी महिन्यात कुठे येईल याचा नेम नाही. २०२३ ला अधिक श्रावणामुळे १४ सप्टेंबरला आला, २०२४ ला २ सप्टेंबरला, २०२५ ला २२ ऑगस्टला. कॅलेंडर काढा, अमावस्येवर खूण करा आणि तिथून मागे आठ दिवस मोजा. माती त्या दिवशी मळायची, पोळ्याच्या आदल्या दिवशी नाही. श्रावणात हवा दमट असते, उन्हाचा भरवसा नसतो. मेमध्ये दोन दिवसांत वाळणारा बैल आता सहा दिवस घेतो.

माती. आमच्याकडे अमळनेरला बोरी नदी आहे, तुमच्याकडे गिरणा असेल, पांझरा असेल, तापी असेल. पण श्रावणात मुलांना घेऊन काठावर माती काढायला जाऊ नका. वरच्या बाजूला पाऊस झाला की पाणी कधी वाढेल सांगता येत नाही. एक तर उन्हाळ्यातच गाळाची माती आणून पोत्यात ठेवा, नाहीतर सरळ कुंभारदादांकडून पाच-सात किलो मागून घ्या. त्यांची माती चाळलेली, मुरलेली असते आणि तीच सगळ्यात चांगली. एका बैलाला मोठ्या माणसाच्या मुठीएवढा गोळा लागतो, त्या हिशोबाने घ्या.

शेतातली नुसती काळी माती नको. आपली काळी जमीन पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आवळते. उन्हाळ्यात पाऊल अडकेल अशा भेगा पडतात त्या याचमुळे, आणि वावरात जे होतं तेच बैलाच्या पोटावर होतं. दुसरी मातीच नसेल तर तीन वाट्या काळ्या मातीला एक वाटी बारीक चाळलेली वाळू घाला. माती कोरडी असतानाच कुटून जुन्या चाळणीतून काढा. काच, खडे, मुळ्या तिथेच निघतात. पिठाची चाळणी वापरू नका, परत पिठाला घेता येत नाही.

कापूस घालाच. कुंभार मातीत लीद नाहीतर राख घालतात, ती माती तडकू नये म्हणून. आपल्या कपाशीच्या मुलखात त्याऐवजी कापूस सोपा. श्रावणात नवा कापूस घरात नसतो, बोंडं अजून झाडावर असतात; जुन्या गादीतला नाहीतर वातीचा कापूस चालतो. पाच किलो मातीला दोन मुठी. मात्र तो बोटांनी पिंजून, जाळीसारखा विरळ करून, मळता मळता थोडा थोडा घालायचा. गोळाच्या गोळा टाकलात तर आत तसाच राहतो आणि बैल नेमका तिथेच फुटतो. मुलांना हे काम फार आवडतं. तीन-चार वर्षांची लहान मुलं बैल करू शकत नाहीत, पण कापूस पिंजायला तासभर बसतात.

माती रात्रभर भिजवून सकाळी मळा. झाली की नाही ते असं बघा: पेन्सिलीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळायची. चिरा पडल्या तर पाण्याचा हात लावून आणखी मळा. बोटाला चिकटली तर अर्धा तास उघडी ठेवा.

आता मुलं बसवायच्या आधी परत एकदा सांगते: पुठ्ठे मांडा. पुठ्ठ्यावर राख भुरभुरवा. चुली गेल्या, घरात राख कुठून आणायची म्हणाल, तर रांगोळी घ्या. पांढरी, बारीक, चिमूटभर, पण पाय टेकतील त्या सगळ्या जागी. हे कशाला, तर माती वाळताना आवळते आणि बैलाचे पाय एकमेकांकडे सरकायला बघतात. खालची फरशी, स्टीलचं ताट, काच यांना ते चिकटलेले असले की सरकता येत नाही. मग पाय वर पोटापाशी तडकतो. फरशीवर चिकटून राहतो तो हाच पाय. माझे अकरा बैल असेच गेले. मातीचा दोष नव्हता, मुलांचा तर अजिबात नव्हता. रांगोळीचे कण पायाखाली असले की पाय सरकतो आणि बैल सबंध राहतो. दुसरं म्हणजे पाऊस आला की पुठ्ठ्यासकट उचलून आत नेता येतं, ओल्या बैलाला हात लावावा लागत नाही. ओला बैल पाठीला धरून उचलला की पोट दबलंच. म्हणून बैल घडवायचाच पुठ्ठ्यावर. ताटात करून मग पुठ्ठ्यावर ठेवू, असं करू नका.

आणखी एक गोष्ट यादीत घाला, तिला सामान लागत नाही. त्या आठवड्यात एकदा मुलांना खरी बैलजोडी दाखवून आणा. आमच्या गल्लीतल्या निम्म्या मुलांनी ट्रॅक्टरच पाहिलेला, त्यांनी वशिंड नसलेले बैल केले होते. एका आबांच्या गोठ्यात नेलं, त्यांनी बैलाच्या वशिंडावर हात ठेवायला दिला, मोरकी कुठली, वेसण कुठली, कासरा कुठला ते सांगितलं. परत आल्यावर प्रत्येकाच्या बैलाला वशिंड आलं.

हाताला जखम असलेल्या मुलाला मातीत बसवू नका. त्याला झुली कापायला द्या.

बैल करायची पद्धत. पाय वेगळे करून चिकटवले की तिथे जोड येतो आणि जोड सुटतो. त्यापेक्षा जाड काकडीएवढी वळकटी करा, दोन्ही टोकांना सुरीने नाहीतर ताणलेल्या दोऱ्याने मधोमध उभा काप द्या, दोन-दोन बोटं खोल. मग वळकटी पुलासारखी वाकवा. चार पाय आपोआप खाली येतात आणि एकही जोड नाही. पहिल्यांदा वाकवून दाखवलं तेव्हा पाच वर्षांच्या मुलीने स्वतःच्या हाताने परत सरळ करून पुन्हा वाकवलं, तीनदा. करू द्या, माती कुठे जाते. पाय अंगठ्याएवढे जाड आणि आखूड ठेवा. मुलांना लांब पाय हवे असतात, पण लांब पायांचा बैल बसतो. डोकं आणि वशिंड मात्र जोडावंच लागतं. दोन्ही बाजूंना काट्याने ओरखडे काढा, मध्ये दह्यासारखा पातळ चिखल लावा, मग दाबा. ओरखड्याशिवाय लावलेलं डोकं वाळलं की पडतं. धड फार जाड करू नका, आतून वाळत नाही.

काडी पायात घालू नका. माती काडीभोवती आवळते, काडी काही आवळत नाही, आणि पाय उभा चिरतो. काडी फक्त शिंगांना. तुराटीचे नाहीतर पऱ्हाटीचे बारीक तुकडे छान दिसतात. बाभळीचा काटा सगळ्यात सुंदर शिंग, पण लहान मुलं असतील तर नको. काडी ओल्या मातीत टोचून, फिरवून भोक थोडं मोठं करा, काढून ठेवा आणि बैल वाळल्यावर फेव्हिकॉल लावून बसवा.

वाळवणं. घाई करायची नाही. पहिले दोन दिवस सावलीत, वर ओलसर सुती फडकं सैल टाकून. पुढचे दोन-तीन दिवस सावलीत उघडे. ऊन शेवटी, आणि तेही सकाळचं. थेट उन्हात ठेवलं की बाहेरची माती आधी वाळते, आतली ओली राहते आणि पाठ फुटते. पंख्याखालीही नको, एकाच बाजूने वाळतो. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पुठ्ठा हळूच आडवा हलवून बघा, बैल पुठ्ठ्यावर जरासा सरकला पाहिजे. अडकला असेल तर सुरीचं पातं पायाखालून फिरवा आणि परत रांगोळी घाला. गेल्या वर्षी दुसऱ्या दिवशी एवढं जरी बघितलं असतं तर बरेचसे बैल वाचले असते.

वाळला की नाही ते गालाला लावून कळतं. गार लागला तर आत ओल आहे, अजून एक दिवस. मुलांना ही परीक्षा घ्यायला सांगा. रोज सकाळी ओळीने सगळे आपापले बैल गालाला लावून बघतात. पुठ्ठ्यासकट, मात्र.

रंग. भट्टीत न भाजलेली माती आहे, ओल्या कुंचल्याने विरघळते. कुंचला जवळजवळ कोरडा, पातळ हात, तो वाळला की दुसरा. गेरू डिंकाच्या पाण्यात कालवलात तर हाताला लागत नाही. हळद चालते, उन्हात फिकी पडते. हळदीत चुन्याची निवळी घातली की लालभडक होते, मुलांना जादू वाटते; पण चुना मोठ्यांच्याच हातात राहू द्या, डोळ्यात गेला तर फार वाईट.

साज. शिंप्याकडच्या कातरणीच्या झुली, लोकरीचे गोंडे, शिंगांच्या टोकांना सोनेरी कागदाच्या शेंब्या. वेसणीला आणि कासऱ्याला केळीच्या वाळलेल्या सोपटाचा धागा काढा, रावेर-यावलकडे तर तो बांधावरच मिळेल. मणी आणि टिकल्या तीन वर्षांखालच्या मुलांपासून लांब ठेवा, तोंडात घालतात.

गाडी करायची असेल तर कडब्याच्या धांड्याची करा. साल सोलून आतला मऊ गाभा घ्यायचा, सालाच्याच काड्या टोचून जोडायचा. साल सोलणं मोठ्यांनी, तिची धार बोट कापते. चाकं मातीचीच, बैलांबरोबर त्याच दिवशी करून ठेवा. आणि हो, चाकंही रांगोळी घातलेल्या पुठ्ठ्यावरच.

पोळ्याच्या दिवशी पाट, गहू, हळदकुंकू, पुरणाचा नैवेद्य, ते सगळ्यांना माहीत आहे. बैल पाटावर ठेवताना पोटाखालून दोन्ही हातांनी उचला.

नंतर नदीवर नेण्याची गरज नाही. शिंगं आणि झुली काढून बैल बादलीत ठेवले की रात्रीत विरघळतात, ती माती कुंडीत जाते. ज्या मुलाला ठेवायचा असेल त्याला ठेवू द्या. पुठ्ठे झटकून, कोरडे करून कपाटावर ठेवा. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसते, मुलींना भुलाबाई-भुलोजी मातीचे करायचे असतील तेव्हा तेच लागतील.