डीलर-कंपनीच्या भांडणात ग्राहक जातो: या चुका टाळा

"आमची काही हरकत नाही हो, कंपनीच वॉरंटी क्लेम पास करत नाही." सर्व्हिस काउंटरवर हे वाक्य इतक्या सहज बोललं जातं की बोलणाऱ्याला त्याची किंमत कळत नाही. गाडीवर नाव कंपनीचं, पावतीवर डीलरचं. ग्राहकाच्या लेखी दोघे एकच. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं की विश्वास दोघांवरचाही उडतो.

त्यातून बरेचसे क्लेम कंपनीच्या आडमुठेपणामुळे नाही, तर जॉब कार्डमुळे, म्हणजे गाडी दुरुस्तीला घेताना तक्रार आणि काम लिहायच्या कागदामुळे, अडकतात. ग्राहक सांगतो, "स्टीअरिंग पूर्ण उजवीकडे वळवून गाडी पुढे घेतली की डाव्या चाकातून कट-कट आवाज येतो." काउंटरवरचा सर्व्हिस अॅडव्हायझर लिहितो, "आवाज, चेक अँड रिपेअर." मेकॅनिक ड्राइव्ह शाफ्ट बदलतो आणि जुना भंगारात टाकतो. आता क्लेममध्ये तक्रार मोघम, खोलण्याआधीचा फोटो नाही, काम सुरू-बंद केल्याची वेळ नाही, जुना पार्ट तपासणीला मागितला तर तोही नाही. शाफ्टचा रबर बूट (सांध्यातलं ग्रीस धरून ठेवणारं आवरण) शाबूत होता की फाटलेला, याची नोंदच नसते, आणि नेमकी तीच सगळ्यात महत्त्वाची. बाहेरचा मार बसून बूट फाटला आणि ग्रीस निघून गेलं, तर त्याला उत्पादनातला दोष धरत नाहीत. क्लेम परत येतो आणि आधी "वॉरंटीत होईल" असं ऐकलेल्या माणसाला बिल भरायला फोन जातो.

तक्रार ग्राहकाच्याच शब्दांत लिहा: आवाज कधी, कुठून, किती वेगात. किलोमीटर रीडिंग टाका. खोलण्याआधी दोन फोटो काढा, एक जागा ओळखू येईल असा लांबून, एक दोषाचा जवळून. तक्रार इंजिनाची किंवा इलेक्ट्रॉनिक्सची असेल तर फॉल्ट कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचं, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणीच्या रीडिंगचं, प्रिंट घ्या. घाईने कोड आधी पुसणारा मेकॅनिक दहा मिनिटं वाचवतो आणि पुरावा घालवतो. जुन्या पार्टला जॉब कार्ड नंबरची चिठ्ठी बांधून तो वेगळ्या रॅकवर ठेवा, कंपनीकडून मोकळीक मिळेपर्यंत. क्लेम नाकारला गेलाच तर अपील डीलरने करायचं. ग्राहकाला फक्त निर्णय आणि तारीख कळली पाहिजे.

वॉरंटी नुकतीच संपली असेल तर काम सुरू करण्याआधीच कंपनीकडे गुडविल मागा, म्हणजे वॉरंटी नसतानाही खर्चातला काही वाटा. सर्व्हिस हिस्टरी जोडा, पार्टचा किती हिस्सा कंपनीने उचलावा आणि मजुरी किती सोडाल हे आकड्यात लिहा. काम उरकल्यावर मागितलेल्या गुडविलला फारसा जोर राहत नाही.

महिनाअखेरीला नको तो माल उचलणं

डीलरच्या नावाने बिल झालं की कंपनीच्या आकड्यांत गाडी विकली गेली. डीलरकडे ती नुसती यार्डात आलेली असते आणि बँकेचं व्याज चढत असतं. हा झगडा जुनाच आहे. १९२० च्या मंदीत फोर्डने डीलरांना न मागितलेल्या गाड्या पाठवून रोख वसूल केली. पैशांसाठी डीलरांना बँकांची दारं ठोठावावी लागली. २००९ च्या सुरुवातीला क्रायस्लरने डीलरांना जास्त गाड्या उचलायची गळ घातली. ३० एप्रिलला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, १४ मे रोजी करार बंद करायच्या ७८९ डीलरांची यादी बाहेर आली आणि ९ जूनला करार संपले. पडून राहिलेल्या गाड्या परत विकत घ्यायला कंपनी तयार नव्हती; दुसऱ्या डीलरांकडे वळवायला मदत करू, एवढंच तिने सांगितलं. "संबंध टिकवायला" माल उचलणाऱ्यांनी ही तारीखवार हकिगत जवळ ठेवावी.

हिशेब अवघड नाही. ९० दिवसांत एका व्हेरिएंटच्या ४५ गाड्या गेल्या आणि ३० उभ्या आहेत, म्हणजे ६० दिवसांचा स्टॉक. रंग वेगवेगळे धरून हाच हिशेब करा, पांढऱ्याच्या आड नारिंगी लपते. माझ्या मते ४५ दिवसांच्या वर गेलेल्या व्हेरिएंटला नकार द्यावा, आणि तो फोनवर "बघू साहेब" म्हणून नव्हे, तर एरिया मॅनेजरला मेलवर, आकड्यासकट.

नको तो माल उचलण्याचा भुर्दंड शेवटी ग्राहकाला पडतो. तीन महिने उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी आतून खचते. गाडी काही तास बंद ठेवून मोजलं तर चांगली लेड-अॅसिड बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.४ ला आली की चार्जिंगला लावा. बराच काळ १२.२ च्या खाली राहिली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. मग चार्ज केल्यावर व्होल्ट भरतात, क्षमता भरत नाही. डिलिव्हरीच्या सकाळी जंप देऊन गाडी बाहेर काढणं हा शॉर्टकट मला मुळीच मान्य नाही. पहिल्याच आठवड्यात दारात बंद पडलेली नवी गाडी कुणी विसरत नाही. यार्डातली प्रत्येक बॅटरी दर ३० दिवसांनी मोजा आणि आकडा तारखेसह लिहून ठेवा. उभ्या गाडीच्या टायरमध्ये चपटेपणा टाळायला जास्त हवा ठेवली असेल, तर पीडीआयच्या (डिलिव्हरीआधीच्या तपासणीच्या) वेळी ती दारावरच्या स्टिकरप्रमाणे उतरवा. नाहीतर "सस्पेन्शन कडक आहे" अशी तक्रार घेऊन ग्राहक परत येतो.

स्लॅबच्या मागे धावणं

५० गाड्यांचा टप्पा, म्हणजे स्लॅब, गाठला की कंपनीकडून प्रत्येक गाडीमागे जादा इन्सेंटिव्ह, आणि २८ तारखेला आकडा ४६ वर अडलेला. मग शेवटच्या चार गाड्या तोट्यात काढल्या जातात. २० तारखेला पूर्ण भाव दिलेल्या माणसाला हे कळतंच, आणि तो पुन्हा फिरकत नाही. अशा वेळी थांबायचा धीर नव्या सेल्स मॅनेजरना सगळ्यात कमी असतो. सवलतीची मर्यादा १ तारखेला ठरवा आणि स्लॅब मिळणारच असं धरून कोटेशन देऊ नका.

कंपनीच्या ग्राहक-समाधान सर्व्हेत दहापैकी दहा द्या म्हणून ग्राहकाच्या मागे लागणं बंद करा. त्याऐवजी डिलिव्हरीनंतर तिसऱ्या दिवशी फोन करून काय खटकलं ते विचारा.

विकणाऱ्याने पहिल्या सर्व्हिसच्या आधी एकदा तरी अॅडव्हायझरची ओळख करून द्यावी, नावानिशी.

आणि कंपनीकडून गाडी मिळेल या भरवशावर डिलिव्हरीची तारीख देऊ नका. वाटपात गाडी लागून चेसिस नंबर हातात येईपर्यंत ग्राहकाला फक्त अंदाजे आठवडा सांगा, आणि तो आठवडा पुढे गेला तर ग्राहकाच्या फोनआधी तुमचा फोन गेला पाहिजे.