मोगऱ्याला कळ्याच येत नाहीत? फेब्रुवारी-मार्चमध्ये या चुका टाळा

फेब्रुवारीच्या मध्यावर सकाळचा गारवा ओसरू लागतो आणि कुंडीतल्या मोगऱ्याच्या पेरांवर बारीक हिरवे डोळे फुगायला लागतात. उन्हाळाभर ओंजळभर फुलं मिळणार की नुसतीच पानं, हे बरंचसं याच काळात ठरतं. मोगरा हट्टी मुळीच नाही. थोडी समज दाखवली तर बाल्कनीतल्या एका कुंडीतूनही तो भरभरून देतो, म्हणून त्याचं फुलणं हुकलं की फार हळहळ वाटते.

सगळ्यात महागात पडते ती छाटणीची भीती. हिरवीगार फांदी कापायला हात धजावत नाही, हे खरं. पण मोगऱ्याची कळी नव्या फुटव्याच्या टोकाला येते. जुनी फांदी तशीच लांबत गेली, तर टोकाशी एक-दोन फुटवे येतात आणि तेवढ्याच कळ्या. एखादी फांदी जवळून पाहा. बहुतेक जातींत पानं समोरासमोर जोडीनं असतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. त्या जोडीच्या अर्धा सेंटिमीटर वर तिरका काप दिला, की बऱ्याचदा दोन्ही डोळे जागे होतात आणि एका फांदीच्या दोन होतात. वाळक्या, काडीसारख्या बारीक आणि एकमेकींत गुंतलेल्या फांद्या पूर्ण काढा, बाकीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत कमी करा. कात्री धारदार हवी, बोथट कात्रीनं फांदी चेंगरते आणि तिथून सडते. छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांनी कळ्या दिसू लागतात. मार्चमध्ये टोकांवर कळ्या आधीच आल्या असतील, तर मात्र आता कात्री लावू नका. तो बहर होऊ द्या, मग फुलं गळालेली टोकं दोन-तीन पेरं खालपर्यंत खुडा. दर बहरानंतर हे केलं की पुढचा बहर येतो.

छाटणी झाल्यावर लगेच दुसरी चूक होते, ती पाण्याची. झाड कापलंय, त्याला जपायला हवं म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं जातं. पण पानं कमी झाली की झाड पाणीही कमी ओढतं, माती ओलीच राहते आणि मुळं कुजू लागतात. बोट दोन पेरं मातीत खुपसा, कोरडं लागलं तरच पाणी घाला आणि घालाल तेव्हा खालच्या भोकातून वाहीपर्यंत घाला. फुटवे वाढून पानं भरली आणि एप्रिलचं ऊन तापलं, की तीच कुंडी रोज पाणी मागेल.

उन्हाची चूक लक्षातच येत नाही. डिसेंबरात दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन खोलवर आत येतं, म्हणून मोगरा तिथे ठेवला जातो. पुढे सूर्य उत्तरेकडे सरकतो. पुण्या-मुंबईत मे महिन्यात तो दुपारी जवळजवळ डोक्यावर येतो आणि दक्षिणेच्या बाल्कनीतलं ऊन कठड्यापर्यंत मागे हटतं. वर स्लॅब असेल तर ऐन बहराच्या दिवसांत झाड सावलीत जातं. मोगऱ्याला रोज किमान ५-६ तास थेट ऊन लागतं. मार्चपासून दर पंधरवड्याला ऊन कुठे पडतं ते बघा आणि कुंडी सरकवा. गच्चीवर उलटी अडचण असते. तापलेल्या फरशीवर काळी प्लॅस्टिकची कुंडी थेट ठेवली तर मुळं भाजतात. खाली दोन विटा ठेवा.

खताबद्दल थोडक्यात. युरिया किंवा नुसत्या नत्राचं खत घातलं की पानं माजतात, कळ्या रुसतात. वरची दोन इंच माती खुरप्यानं हलकी करून दोन मुठी गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळा, महिनाभर पुरतं. दूध-साखरेच्या चहाचा चोथा तसाच टाकू नका. त्यानं मुंग्या लागतात आणि मुंग्या पिठ्या ढेकणांची, म्हणजे झाडाचा रस शोषणाऱ्या पांढऱ्या कापसासारख्या किडीची, राखण करतात, कारण या किडीचा गोड चिकटा मुंग्यांना हवा असतो.

याच दिवसांत हौसेनं मातीच्या कुंड्या रंगवल्या जातात. बाहेरून-आतून ऑइलपेंट फासला की कुंडीची छिद्रं बुजतात. न रंगवलेल्या मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी झिरपून उडतं, म्हणून मुळं गार राहतात. उन्हाळ्यात मातीच्या कुंडीचा खरा फायदा तोच. गेरू लावा, वर चुन्यानं ठिपके काढा, रांगोळीची वेल काढा, फार देखणं दिसतं. पावसात गेरू धुपेल, पुन्हा लावता येतो. नवी कुंडी वापरण्याआधी काही तास पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर ती मातीतली ओल शोषून घेते.

सगळं नीट करूनही कळ्या जांभळट होऊन गळत असतील, तर एक कळी उकलून पाहा. आत बारीक अळी किंवा तिची विष्ठा दिसली, तर ही कळी पोखरणारी अळी आहे. अशा कळ्या खुडून घराबाहेर नष्ट करा, कुंडीत पडू देऊ नका. पानं फिकट, धुळकट दिसली आणि मागे बारीक जाळी असेल, तर तो लाल कोळी, पानांचा रस शोषणारी अगदी बारीक कीड. कोरड्या गरम हवेत तो झपाट्यानं वाढतो. पानांच्या मागच्या बाजूनं पाण्याचा जोरदार फवारा मारा. मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि द्रव साबणाचे काही थेंब घालून खूप ढवळा आणि ऊन उतरल्यावर फवारा. आठवड्यानं पुन्हा एकदा. भर दुपारी फवारलंत तर पानं करपतात.